कांद्याची मुळं

बावीस वर्षं मी पाण्याचे नमुने तपासले. अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शन यंत्रावर धातू मोजायचे, मर्यादेशी ताडायचे, सही करायची. पिण्याच्या पाण्यात लिटरला शिसं ०.०१ मिलिग्रॅम, कॅडमियम ०.००३. आकडे त्याच्या आत बसले की पाणी निर्धोक, असं मी मनापासून मानत होते. कांद्याच्या मुळांवरून पाण्यातलं विष ओळखतात हे ऐकलं होतं, पण ते मला बीएस्सीचं प्रॅक्टिकल वाटे.

औद्योगिक वसाहतीजवळच्या एका विहिरीचा नमुना आला. सगळे धातू मर्यादेत. वनस्पतिशास्त्र शिकवणारा माझा भाचा म्हणाला, "मावशी, थोडं पाणी मला दे." त्याने एक कांदा त्या पाण्यावर बुडखा टेकवून ठेवला, दुसरा आमच्या गावच्या विहिरीच्या पाण्यावर. मुळं फुटल्यावर टोकं खुडली, रंगवली, काचपट्टीवर अंगठ्याने दाबली.

कांद्याच्या पेशीत गुणसूत्रं सोळाच, चांगली ठसठशीत. पेशी विभागताना ती दोन्ही टोकांकडे सरळ ओढली जायला हवीत. इथे मधेच एक धागा ताणून अडकलेला. दुसरीकडे एक तुकडा मागे राहिलेला. तिसऱ्या पेशीत मोठ्या केंद्रकाशेजारी मोहरीसारखं इवलंसं आणखी एक केंद्रक. गावच्या पाण्यावरच्या मुळांत असं क्वचितच दिसलं.

रंग नीट चढला नसेल, मी म्हटलं. भाच्याने काचपट्ट्यांवरची नावं झाकली आणि मलाच पुन्हा मोजायला लावलं. मोजणी तीच आली.

माझं यंत्र एकेक धातू वेगळा मोजतं. मूळ सगळे एकदमच शोषून घेतं. त्यात कॅडमियम डीएनएच्या दुरुस्तीतच अडथळा आणतं. शिवाय मी मोजलंच नव्हतं असंही त्या पाण्यात काही असेल. दोषी कोण हे कांदा सांगत नाही, त्यासाठी यंत्राकडेच यावं लागतं, आणि कांदा म्हणजे माणूस नाही, हेही खरं. पण इजा होते आहे हे त्याने सांगितलं, माझ्या अहवालाने नाही. अल्बर्ट लेव्हान यांनी १९३८ साली कांद्याच्या मुळांवर रसायनाचा परिणाम दाखवला होता. मी नोकरीला लागले तेव्हा हे सगळं छापून आलेलं होतं. मी वाचलं नव्हतं.

पुन्हा नमुना आणायला गेले, तेव्हा बायका हंडे भरत होत्या. एकीने विचारलं, "ताई, पाणी चांगलं आहे ना?"

मागच्या खेपेला मी हो म्हणाले होते.