छापखाना बदलला, प्रश्न तोच : माहीममध्ये सर्व्हर शिकताना



आपल्या चळवळीत एक वाक्य फार सहज बोलले जाते. "टाका ना ग्रुपवर, सगळ्यांना मिळेल." जयंतीचे फोटो, धम्म परिषदेतली भाषणे, शिष्यवृत्तीच्या अर्जांचे नमुने, जुन्या कार्यकर्त्यांच्या मुलाखती, सगळे आपण ग्रुपवर टाकतो आणि काम झाले असे समजतो. पण टाकले म्हणजे ठेवले कुठे? कुणाच्या यंत्रावर? ते यंत्र कुणाच्या हुकमाने चालू राहते आणि कुणाच्या हुकमाने बंद होते? हा प्रश्न तांत्रिक दिसतो. आमच्या मते तो सत्तेचा प्रश्न आहे, आणि आपल्यासाठी तो अजिबात नवा नाही.

31 जानेवारी 1920 रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केले. त्या काळात मराठीत वर्तमानपत्रे कमी नव्हती. पण 'केसरी'ने 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊ केले तरी छापली नाही. पुढे 1927 मध्ये 'बहिष्कृत भारत', 1930 मध्ये 'जनता' आणि 1956 मध्ये 'प्रबुद्ध भारत' आले. बाबासाहेबांनी नुसती पत्रे काढली नाहीत, छापखानाही उभा केला. दुसऱ्याच्या छापखान्यात आपले म्हणणे किती दिवस छापले जाईल, हे मालकाच्या मर्जीवर असते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. आज छापखान्याची जागा सर्व्हरने घेतली आहे. मग आपल्यात सर्व्हर चालवता येणारे किती?

आम्ही पालघर तालुक्यातल्या माहीमचे. ब्रिटिश काळात हा सगळा तालुकाच माहीमच्या नावाने ओळखला जाई. आता माहीम म्हटले की लोकांना मुंबईचे माहीम आठवते, आणि आम्हाला "केळवे-माहीम" असे जोडून सांगावे लागते. आमच्यातली निम्मी मुले-मुली तारापूर एमआयडीसीत कंत्राटी पाळीवर जातात. देशातले पहिले अणुवीज केंद्र 1969 मध्ये इथून जवळच तारापूरला सुरू झाले. कारखाने आले, वीज आली, पण यंत्राशेजारी उभे राहणारे आपण आणि यंत्र कसे चालते हे ठरवणारे दुसरेच, ही वाटणी काही बदलली नाही. संगणकाच्या बाबतीतही तीच वाटणी होत आहे. आपण वापरकर्ते. चालवणारे दुसरे.

दोन वर्षांपूर्वी एका समाजमाध्यमावरचे आमचे पान एका सकाळी बंद झाले. कारण सांगितले गेले नाही. दाद मागितली, उत्तर आले नाही. कित्येक वर्षांचे फोटो, पत्रके, वृद्ध कार्यकर्त्यांच्या आवाजातल्या आठवणी त्यावर होत्या. बरेचसे परत मिळाले, कारण कुणाच्या ना कुणाच्या मोबाइलमध्ये ते शिल्लक होते. पण त्या दिवशी ठरले की निदान सर्व्हर म्हणजे काय, हे आपण स्वतःच्या हाताने करून शिकायचे.

पैसे नव्हते. सर्व्हरसाठी वेगळे यंत्र घेणे शक्य नव्हते. आठ जीबी रॅमचा एक जुना लॅपटॉप होता, तोही एका ताईच्या घरचा, आणि त्यावर तिच्या भावाचा अभ्यास चालायचा. तो पुसून त्यावर प्रयोग करणे कुणालाच परवडणारे नव्हते. इथे उपयोगी पडते ती व्हर्च्युअल मशीन.

आमच्याकडच्या पानवेलीच्या वाडीवरून हे लवकर समजते. वाडी एकच असते, पण तिच्यात बांध घालून वाफे पाडलेले असतात. एका वाफ्यात पाणी जास्त झाले म्हणून शेजारचा वाफा कुजत नाही. लॅपटॉप ही वाडी. व्हर्च्युअलबॉक्ससारखे सॉफ्टवेअर त्यात बांध घालते. आतल्या वाफ्याला थोडी रॅम, थोडी डिस्क, प्रोसेसरचा थोडा वाटा मिळतो, आणि तो वाफा स्वतःला पूर्ण संगणक समजतो. ही कल्पना जुनी आहे. एकेक संगणक खोलीएवढा मोठा आणि अतोनात महाग होता, तेव्हा एकाच यंत्रावर अनेकांना स्वतंत्रपणे काम करता यावे म्हणून आयबीएमने 1960च्या दशकात ती विकसित केली. म्हणजे हा शोधच मुळी टंचाईतून आला. टंचाईशी आपली ओळख जुनीच आहे.

आता कोणती कार्यप्रणाली घ्यायची? आम्ही डेबियन 12 घेतली. ती फुकट आहे हे एक कारण, पण मुख्य कारण वेगळे. डेबियन 1993 मध्ये सुरू झाली आणि जगभरातले स्वयंसेवक ती चालवतात. 1997 मध्ये त्यांनी स्वतःचा सामाजिक करार जाहीर केला. 1998 पासून त्यांना लिखित संविधान आहे. प्रकल्पाचा प्रमुख दरवर्षी मतदानाने निवडला जातो, आणि त्याचा निर्णय सदस्य ठराव करून फिरवू शकतात. कुठल्या परवान्याचे सॉफ्टवेअर स्वीकारायचे याच्या त्यांच्या निकषांत, परवान्याने कोणत्याही व्यक्तीशी किंवा गटाशी भेदभाव करता कामा नये, असे स्वतंत्र कलम आहे. नेत्याच्या भक्तीवर न चालता नियमांवर चालणारी संघटना कशी असते, हे आपल्या मुलांनी पाहावे असे आम्हाला वाटले.

आता प्रत्यक्ष काम. ज्यांना करून पाहायचे आहे त्यांच्यासाठी क्रमाने सांगतो.

पहिले, लॅपटॉप सुरू होताना बायोसमध्ये जाऊन व्हर्च्युअलायझेशनची सोय चालू आहे का ते पाहावे. इंटेलच्या यंत्रात तिला व्हीटी-एक्स म्हणतात, एएमडीच्या यंत्रात एसव्हीएम किंवा एएमडी-व्ही. ती बंद असेल तर पुढचे काही नीट होत नाही.

दुसरे, डेबियनची नेटइन्स्ट आयएसओ फाइल उतरवून घ्यावी. डेबियन 12 ची ती साधारण 600 ते 700 एमबीची होती, मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही उतरते. उतरल्यावर तिची चेकसम जुळवून पाहावी. शा-256 पद्धतीने फाइलवरून 64 अक्षरांचा एक ठसा निघतो. डेबियनने जाहीर केलेला ठसा आणि आपल्याकडच्या फाइलचा ठसा अक्षरन् अक्षर सारखा हवा. कुणी सांगितले म्हणून विश्वास ठेवायचा नाही, तपासून मानायचे. बुद्धाने कालामांना हेच सांगितले होते.

तिसरे, व्हर्च्युअलबॉक्समध्ये नवीन मशीन करावी. आम्ही 2 जीबी रॅम, 2 प्रोसेसर आणि 20 जीबीची डिस्क दिली. डिस्क "गरजेप्रमाणे वाढणारी" ठेवली की 20 जीबी लगेच अडकत नाहीत, जेवढे भरेल तेवढीच जागा जाते. व्हर्च्युअलबॉक्स 7 मध्ये अनअटेंडेड इन्स्टॉलेशनचा एक चौकोन असतो, तिथे ते वगळले जाईल अशी निवड करावी. नाहीतर ते सगळी उत्तरे स्वतःच भरून मोकळे होते, आणि शिकायला आलेल्यांच्या हाती काहीच लागत नाही.

चौथे, मशीन सुरू केल्यावर चित्ररूप इन्स्टॉल निवडावे. इथे आमच्या मुलांचे चेहरे बदलले, कारण भाषांच्या यादीत मराठी आहे. नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर देवनागरी नीट उमटत नाही, म्हणून मराठी फक्त चित्ररूप पद्धतीतच मिळते. पण मिळते. हे भाषांतर कुणीतरी आपला वेळ देऊन केले आहे. उद्या त्यातले एखादे वाक्य अधिक सोपे करणारी मुलगी माहीमची किंवा बोईसरची का असू नये?

पुढे यंत्राचे नाव विचारले जाते. आम्ही 'मूकनायक' ठेवले. ते नाव मात्र रोमन लिपीतच द्यावे लागते. मग रूटचा, म्हणजे सर्वाधिकाऱ्याचा, पासवर्ड विचारतात. तो रिकामा सोडला तर रूटचे थेट दार बंद होते आणि आपल्या साध्या खात्याला गरजेपुरता अधिकार सुडो या आज्ञेने घेता येतो. रोजच्या कामाला सर्वाधिकार वापरायचा नाही, ही शिस्त चांगली आहे. संघटनेतही ती चांगलीच आहे.

डिस्कची विभागणी आली तेव्हा "पूर्ण डिस्क वापरा" असा पर्याय आला, आणि शेवटी बदल डिस्कवर लिहायचे का, असा प्रश्न. ज्या ताईचा लॅपटॉप होता तिचा हात थांबला.

"दादा, होय दाबलं तर भावाचं सगळं उडंल ना?"

नाही. आतल्या संगणकाला फक्त त्याची 20 जीबीची डिस्क दिसते. ती डिस्क म्हणजे लॅपटॉपवरची एक फाइल आहे. बांधापलीकडचे त्याला काही दिसत नाही. तिने होय दाबले. आमच्या मते त्या दिवसाची खरी कमाई तीच. आपल्या मुलांना संगणक येत नाही असे नसते. मोडले तर भरून कोण देणार, ही भीती असते. ज्याच्या घरी तीन लॅपटॉप आहेत त्याला मोडून शिकण्याची चैन परवडते. व्हर्च्युअल मशीन ती चैन आपल्याही हाती देते.

शेवटी कोणते सॉफ्टवेअर हवे ते विचारले जाते. तिथे डेस्कटॉपची खूण काढावी आणि एसएसएच सर्व्हर व नेहमीची साधने एवढेच ठेवावे. सर्व्हरला चित्रे, खिडक्या लागत नाहीत, ती रॅम खातात. ग्रब डिस्कवर बसले, मशीन पुन्हा सुरू झाली, काळ्या पडद्यावर नाव आणि पासवर्ड टाकला, की सर्व्हर उभा राहिला. लगेच अद्ययावत करून घ्यावा आणि एक स्नॅपशॉट काढून ठेवावा. पुढे काही बिघडले तर त्या क्षणापर्यंत मागे जाता येते.

मग आम्ही एनजिनएक्स हा वेब सर्व्हर बसवला आणि नेटवर्क "ब्रिज्ड" केले. म्हणजे आतला सर्व्हर घरच्या वायफायवर वेगळे यंत्र म्हणून दिसू लागतो. स्कॅन केलेली पत्रके, अर्जांचे नमुने, भाषणे त्यावर ठेवली. खोलीत बसलेल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर ती उघडली, इंटरनेट नसतानाही.

आता आक्षेप. एक ज्येष्ठ कार्यकर्ते आम्हाला म्हणाले, "जमिनीचा प्रश्न आहे, कंत्राटी कामगारांचा आहे, अत्याचाराच्या केसेस आहेत. त्यात हे लॅपटॉपचे खेळ कशाला?" आक्षेप रास्त आहे. सर्व्हर उभारल्याने जात जात नाही. भेदभाव न करण्याचे कलम परवान्यात असले तरी लॅपटॉप कुणाच्या घरी आहे, हे तो परवाना ठरवत नाही. 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात बाबासाहेबांनी ज्या विसंगतीचा इशारा दिला, राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, तीच इथेही आहे. सॉफ्टवेअर मोकळे आहे, रस्ता मोकळा नाही.

पण म्हणून प्रश्न सुटत नाही. अत्याचाराच्या केसमध्ये दहा वर्षांनी कागद लागतो. जमिनीच्या लढ्यात जुना ठराव लागतो. तो कुठे असतो? कुणाच्या तरी बंद पडलेल्या मोबाइलमध्ये. बाबासाहेबांच्या लेखनाचा पहिला शासकीय खंड 1979 मध्ये आला, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर 23 वर्षांनी. दादरचे आंबेडकर भवन 25 जून 2016 च्या पहाटे पाडले गेले, त्यात छापखानाही गेला. ज्यांच्या इतिहासाची प्रत एकाच जागी असते, त्यांचा इतिहास एका रात्रीत जाऊ शकतो. म्हणून सर्व्हर बसवणे अर्धे काम, प्रती ठेवणे उरलेले अर्धे. स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे, कारण लॅपटॉप गेला की तोही जातो. आम्ही संग्रहाच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरी ठेवतो.

आणि पोटाचा प्रश्न? नवी मुंबईत ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात डेटा सेंटर उभी आहेत. तिथेही सुरक्षा रक्षक, सफाई कामगार लागतात आणि सर्व्हर चालवणारेही लागतात. आपली मुले कोणत्या दाराने आत जाणार, हे काही प्रमाणात आपण आज त्यांना काय शिकवतो यावर ठरेल. या एका धड्याने नोकरी मिळते असा दावा आम्ही करत नाही. पण लिनक्स सर्व्हरची पहिली पायरी हीच आहे, आणि तिला फी लागत नाही.

व्हर्च्युअल मशीनची आणखी एक गंमत आहे. ती एक फाइलच असल्यामुळे पेनड्राइव्हवर घालून दुसऱ्या पाड्यावर नेता येते. कुणाचीही माहिती भरण्याआधीची, साधा पासवर्ड असलेली कोरी प्रत आम्ही वेगळी ठेवली आहे. ती घेणाऱ्याने पहिल्यांदा पासवर्ड बदलायचा आणि मग कामाला लागायचे. बोईसरच्या मित्रांनी ती नेली आहे.

तेव्हा मित्रांनो, येत्या जयंतीला बॅनरच्या खर्चातून थोडे बाजूला काढा. वस्तीत एक जुना लॅपटॉप शोधा, चार मुले-मुली गोळा करा, आणि एका रविवारी हे करून पाहा. पासवर्ड एकाच्याच हाती ठेवू नका, कीबोर्डवर मुलींना आधी बसवा, आणि जे शिकाल ते पुढच्या वस्तीत जाऊन शिकवा.

जयभीम! जय संविधान!