विदुराची रात्रपाळी

महाभारतातलं शहाणपण कुठं आहे म्हणून विचारलं तर शिकलेली माणसं दोन नावं घेतात. गीता आणि विदुरनीती. गीता सांगणारा देव, विदुरनीती सांगणारा दासीचा पोरगा. मी पोराची बाजू आधी वाचली.

उद्योगपर्वात आहे ती. युद्ध तोंडावर आलंय. संजय पांडवांकडून परत आलाय, निरोप उद्या सभेत सांगणार. आंधळ्या राजाला झोप येईना, म्हणून रात्रीच विदुराला बोलावणं जातं. आणि हा गडी बोलत सुटतो. आठ अध्याय, 33 ते 40. शहाणा कुणाला म्हणावं, मूर्ख कुणाला, राग कसा गिळावा, पांडवांचा वाटा देऊन टाक — सगळं तोंडावर. राजा मान डोलावतो. म्हणतो, तुझं खरं हाय, पण दुर्योधन समोर आला की माझी बुद्धी फिरते. म्हंजे रात्रपाळी फुकट.

खरी गोम 41 व्या अध्यायात आहे. राजा म्हणतो, अजून काही राहिलं असेल तर सांग. आणि इतका वेळ न अडखळलेला विदुर थांबतो. म्हणतो, मी शूद्र बाईच्या पोटी जन्मलो, यापुढचं बोलायला मला धीर होत नाही. त्याला ठाऊक नाही असं नाही. सनत्सुजाताचं ज्ञान मला माहीत आहे, असं तोच सांगतो. पण ते बोलायला ब्राह्मण सनत्सुजाताला बोलावतो. माहीत आहे, पण तोंड आपलं नाही!

आता हिशोब करा. धृतराष्ट्र, पंडू, विदुर — तिघांचा बाप एकच, व्यास. व्यासाची आई कोळ्याघरची, तरी तो ऋषी. तिथं बाप मोजला. विदुराचा बाप तोच ऋषी, तरी पोरगा शूद्र. इथं आई मोजली. माप एकच, पण हात बघून धरलेलं. त्या आईला महाभारतात नावही नाही, नुसती दासी. व्यास तिला म्हणाला, तू आता दासी राहणार नाहीस. दास्य सुटलं, जात सुटली नाही. आदिपर्व साफ सांगतं: थोरला आंधळा म्हणून आणि विदुर अशा जन्माचा म्हणून पंडू राजा झाला.

दोस्तहो, चारित्र्य म्हणाल तर त्या दरबारात ह्याच्याच अंगी होतं. द्रौपदीला सभेत ओढलं तेव्हा भीष्म धर्म सूक्ष्म आहे म्हणत बसला. विदुर आणि विकर्ण तेवढे बोलले. म्हणून पुराणिक विदुराला डोक्यावर घेतात. गुणी होता, नम्र होता, पायरी ओळखून होता! ही तारीफ मला गिळवत नाही. त्याचे गुण सांगायचे आणि त्याच श्वासात त्याची पायरी पवित्र करायची, असा हा डाव आहे.

हे तोंडाचं राजकारण आमच्या धंद्यातही होतं. मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्यात अस्पृश्याला घेत नसत. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, त्यानं स्पृश्य कामगार बाटत होते म्हणे. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी ही बंदी उठवण्याची मागणी लावून धरली. संप करणारे कामगार आणि बंदी पाळणारेही कामगारच. लाल बावट्याखाली पण पायरी होतीच.

विदुराचा शेवट आश्रमवासिकपर्वात आहे. रानात हाडं उरलेला, उघडा, झाडाला टेकून उभा. युधिष्ठिर येतो तेव्हा हा योगानं आपले प्राण त्याच्या देहात घालतो. युधिष्ठिराला आपण अधिक बलवान झालोसं वाटतं. तो चिता रचायला जातो, तर आकाशवाणी होते, ह्याला जाळू नको. पुराणिक म्हणतील, यती होता, दोघांत धर्माचाच अंश होता. असेल. मला दिसतं ते एवढंच — शूद्राची ताकद राजाच्या अंगात गेली आणि कुडी झाडाला टेकून राहिली.

विदुरनीती फेकून द्या असं मी म्हणत नाही. आपल्याच माणसाचं बोलणं आहे ते, नीट वाचा. फक्त 41 व्या अध्यायात तो थांबला तिथं आपण थांबायचं नाही. सनत्सुजाताला बोलावणं धाडायचं नाही. पुढचं आपल्या तोंडानं बोलायचं.