जिजाईची वाट

वाचकहो, पंढरीची वाट आपल्या पायांना पाठ असते. विसावा कुठे, रिंगण कुठे, मुक्काम कुठे, हे आपण झोपेतही सांगू. पण घराजवळचा डोंगर आपण लेकराबाळांना कधी दाखवला आहे का? मी नव्हता दाखवला.

आम्ही मावळातले, भातशेती करणारे. भंडारा डोंगर आमच्या बांधावरून दिसतो. माघ शुद्ध दशमी हा बाबाजी चैतन्यांनी तुकोबारायांवर अनुग्रह केला तो दिवस. त्या दिवशी भंडाऱ्यावर मोठा उत्सव असतो. मी दरवर्षी जात आलो. पण गळ्यात टाळ अडकवून, एकटा.

गेल्या भाद्रपदात चौथीतल्या नातीला शाळेतून काम मिळाले, जवळचे एक जुने ठिकाण पाहून त्याची माहिती लिहायची. मुलाला सुट्टी होती. सुनेने भाकरी, ठेचा, दही बांधून घेतले आणि आम्ही पाचही जण निघालो. आमच्या मंडळींचे गुडघे दुखतात, म्हणून मुलाने तिला गाडीरस्त्याने वर नेले. सून, नात आणि मी इंदोरीच्या बाजूने पायऱ्या चढू लागलो.

भाद्रपदात डोंगर पाहावा. उतारावर तेरडा फुललेला, मधून मधून सोनकीची पिवळी फुले, कडेला करवंदीच्या जाळ्या. नात प्रत्येक झाडाचे नाव विचारत होती आणि चार नावांनंतर माझी पाटी कोरी झाली. उरलेली सुनेने सांगितली. झाडाझुडपांना आपले मानणाऱ्या संताचे आपण वारकरी, आणि शेजारच्या झाडांची नावेही मला ठाऊक नव्हती.

डोंगराच्या कातळात जुनी बौद्ध लेणी आहेत. मी नातीला सांगितले, "पावसाळ्याचे महिने बौद्ध भिक्खू फिरत नसत, एका जागी राहून साधना करत." ती म्हणाली, "म्हणजे ते पावसात थांबायचे आणि तुम्ही पावसात चालता!" मी हसलो. तुकोबांच्या कितीतरी शतके आधी याच डोंगरात कुणीतरी एकांत शोधला होता, हे तिच्यामुळे मनात नीट उतरले.

वर दर्शन घेऊन आम्ही सावलीत बसलो. खाली इंद्रायणीचे वळण दिसत होते. मी तुकोबांची कथा लावली. 1630च्या सुमाराचा तो भीषण दुष्काळ, त्यात गेलेली पहिली पत्नी रखुमाई, बुडालेला व्यापार, आणि मग हा एकांत. नातीने मध्येच विचारले, "आबा, तुकोबा इथे वर होते, तर खाली घरी कोण होतं?"

मग जिजाई सांगितली. देहूहून पाच-सहा किलोमीटर भाकरी घेऊन डोंगर चढणारी, पती जेवल्याशिवाय स्वतः न जेवणारी. तिच्या पायात काटा रुतला आणि पांडुरंगाने तो स्वतःच्या हाताने काढला, ही कीर्तनातली कथा नात डोळे मोठे करून ऐकत होती. ती संपली तशी ती आजीकडे वळली. "आजी, आबा वारीला जातात तेव्हा तू काय करतेस?"

"लावणी," मंडळी म्हणाली, आणि भाकरीचा तुकडा मोडून तिने नातीच्या हातावर ठेवला.

वाचकहो, शब्द एकच, पण माझा घास तोंडातच फिरला. ज्येष्ठ वद्यात पालखी निघते आणि आषाढात आमच्याकडे भाताची लावणी येते. चिखलणी, रोपे काढणे, कमरेत वाकून चिखलात ती लावणे. बावीस वर्षे मी पंढरीच्या वाटेवर नाचलो आणि बावीस आषाढ ती चिखलात वाकली. माझ्या आईचे शेवटचे आजारपणही तिनेच काढले. मी परत आलो की ती माझ्या पाया पडून बुक्का लावून घ्यायची. मला ते रीतीचे वाटायचे.

उतरताना मी तिच्यासोबत गाडीत बसलो. म्हणालो, "पुढच्या आषाढात तू जा. लावणीचं मी बघतो."

ती हसली. "गुडघे धड होते तेव्हा विचारायचं होतं."

मला उत्तर सुचेना. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "माघीला न्या. तेव्हा शेत मोकळं असतं."

यंदा माघ शुद्ध दशमीला मी भंडाऱ्यावर नव्हतो. आम्ही दोघे एसटीने पंढरपुरात होतो. नामदेव पायरीवर तिने डोके टेकले. मी मागे उभा होतो. तिच्या टाचांच्या भेगा मला दिसल्या. जिजाईचा काटा पांडुरंगाला दिसला. माझ्याच घरातल्या या भेगा पाहायला मला बावीस वर्षे लागली.

तुमच्याही गावाजवळ एखादा डोंगर, लेणे, घाट असेलच. आमच्या भागात तुकोबांच्या एकांताची आणखी दोन ठिकाणे आहेत. चाकणच्या बाजूला भामचंद्र डोंगर आहे आणि शेलारवाडीला घोराडेश्वर, जिथे जुन्या बौद्ध लेण्यात आज महादेवाची पिंड आहे. पावसात पायऱ्या निसरड्या होतात, तेव्हा लहानग्यांचा हात सोडू नका. पाणी न्या, केलेला कचरा परत आणा, कातळावर कुणाला नाव कोरू देऊ नका. लेकरांना प्रश्न विचारू द्या.

आणि निघण्याआधी एकदा घरात पाहा. आपण देवाला जातो तेव्हा घर सांभाळायला कोण मागे राहते? त्या माणसाला आधी गाडीत बसवा.

राम कृष्ण हरी.