ट्रॉलीची चाकं : माझं बदललेलं मत

माझा व्यवसाय फॅब्रिकेशनचा. ट्रॉल्या, स्टँड, रॅक बनवून देण्याचा. या धंद्यात माझं एक मत अनेक वर्षं पक्कं होतं. सांगाडा मजबूत हवा, वेल्डिंग नीट हवं, पत्रा जाड हवा. चाकं शेवटी बाजारातून आणून खाली बोल्ट केली की झालं. त्यातही नायलॉनचीच. टणक असतात, लवकर झिजत नाहीत, तेलापाण्याने बिघडत नाहीत आणि खिशाला परवडतात. आज मी ट्रॉलीची लांबी-रुंदी विचारण्याआधी फरशी कोणती आहे ते विचारतो. मधल्या काळात काय घडलं, ते सांगावंसं वाटतं.

जुनं मत हवेतलं नव्हतं. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांमध्ये जमिनीवर वाळू, कास्टिंगचे तुकडे, लोखंडाचा चुरा पडलेला असतो. तिथे रबराच्या चाकात चुरा रुतून बसतो आणि चाक फाटत जातं. बिडाचं चाक मात्र निमूट चालतं. खडखडाट करतं, फरशी खराब करतं, पण तिथे त्याची कुणाला पर्वा नसते. गुळगुळीत काँक्रीटवर टणक चाक सर्वांत हलकं लोटतं, हेही खरंच आहे, कारण भाराखाली ते दबत नाही. माझा अनुभव सगळा या जमिनींवरचा होता आणि त्यावरून मी सगळ्या जमिनींचा नियम करून टाकला होता.

मग रुग्णालयांची कामं येऊ लागली. लादीचे सांधे, दारातल्या पट्ट्या, लिफ्टच्या तोंडाशी असलेली फट, मजल्यांमधले उतार. एका वॉर्डातले मामा ट्रॉली ढकलता ढकलता मला म्हणाले, ‘‘साहेब, सरळ नेताना काय वाटत नाही. पट्टी आली की कंबर भरून येते, आणि वरचा पेशंट कळवळतो.’’ तोवर मी ट्रॉलीकडे तिने किती वजन पेललं एवढ्याच नजरेने पाहत होतो. तिला ढकलणारा माणूस माझ्या हिशेबात नव्हता.

पट्टीचं गणित मी कागदावर मांडून पाहिलं. पट्टी १० मि.मी. उंच आहे, चाक कडक आहे, ट्रॉली सावकाश जाते आहे आणि एका चाकावर ५० किलो भार आहे, असं धरू. ७५ मि.मी. व्यासाचं चाक त्या पट्टीवर चढवायला सुमारे ४६ किलोचा आडवा जोर लागतो. १५० मि.मी.च्या चाकाला तेच काम सुमारे २९ किलोत होतं. पुढची दोन्ही चाकं एकदम पट्टीला भिडली तर दोन्ही आकडे दुप्पट. सांगाड्याचा पत्रा कितीही चांगला असो, हा फरक त्याने भरून निघत नाही. मोठ्या चाकाने ट्रॉलीची उंची वाढते, किंमत वाढते, वळायला जागा जास्त लागते, हे मान्य. पण दिवसभर पट्ट्या ओलांडायच्या असतील तर मी आता लहान चाक बसवून देत नाही.

भाराचा हिशेबही मी बदलला. पूर्वी एकूण वजनाला चारने भागायचो. पण जमीन कधीच तंतोतंत सपाट नसते. एखादं चाक अधांतरी राहतं आणि सगळा भार उरलेल्या तिघांवर येतो. ट्रॉली ६० किलोची आणि माल ३०० किलोचा असेल, तर प्रत्येक चाक ९० नव्हे, निदान १२० किलो पेलणारं हवं.

फिरत्या चाकांबद्दलही तेच झालं. चारही चाकं फिरती असली की ट्रॉली कुठेही वळते, म्हणून गिऱ्हाईक खूश होतं. अरुंद खोलीत ती खरोखर सोयीची. लांब कॉरिडॉरमध्ये किंवा उतारावर मात्र तीच ट्रॉली आडवी सरकू लागते आणि माणसाची अर्धी ताकद तिला सरळ ठेवण्यातच जाते. तिथे दोन फिक्स, दोन फिरती ही जोडी बरी. दोन्ही गरजा असतील तर एक चाक सरळ दिशेत अडकवता येईल असा लॉक घ्यावा. स्ट्रेचरला तो मिळतो.

ब्रेकविषयी मला विशेष कळकळीने सांगायचं आहे. साधा ब्रेक फक्त चाकाचं फिरणं थांबवतो. वरचा फिरता भाग मोकळाच राहतो. रुग्णाला स्ट्रेचरवरून खाटेवर घेताना अशी ट्रॉली ब्रेक लावूनही थोडी सरकते. चाक आणि फिरता भाग दोन्ही जखडणारा ब्रेक थोडा महाग पडतो. रुग्ण हलवायच्या ट्रॉलीवर हे पैसे वाचवणं मला आता गैर वाटतं.

बाकी निवड जागेवर ठरते. चकचकीत लादीवर डाग नको असतील तर करड्या रंगाचं, डाग न पाडणारं रबर. जड माल आणि चांगली फरशी असेल तर पॉलियुरेथेन. मात्र जागा सतत ओली आणि दमट असेल तर कोणत्या जातीचं ते विचारून घ्यावं, कारण त्यातल्या काही जाती ओलीने ठिसूळ होऊन तुटू लागतात. इचलकरंजीच्या यंत्रमागांसारख्या जागी सूत आसाला गुंडाळलं जातं, म्हणून बाजूला धाग्याची झाकणं हवीतच. बेकरीच्या भट्टीत जाणाऱ्या रॅकला उष्णता सोसणारी चाकं लागतात. साधं रबर तिथे टिकत नाही.

रुग्णालयाच्या विश्वस्तांना आणि कारखान्यांच्या खरेदी विभागांना माझी विनंती आहे. ट्रॉली घेण्याआधी ती रोज ढकलणाऱ्या मामा-मावशींना आणि हेल्परना बोलवा, भरलेली ट्रॉली त्यांच्या वाटेवरून त्यांनाच ढकलू द्या. कोटेशनमध्ये चाकाचा व्यास, बाहेरचा थर कशाचा, बेअरिंग कोणतं आणि ब्रेक कोणता, हे लिहून मागा. नुसतं ‘चाकं ४ नग’ असं लिहिलेलं कोटेशन परत पाठवा, मग ते माझ्या वर्कशॉपचं का असेना.