उरलेली जनावरे

विद्यानगरच्या आमच्या घरी पहाटे दुधाची पिशवी दाराशी येते. तिच्यामागची गाय आठवण्याचा प्रसंग सहसा येत नाही. सप्टेंबर २०२२मध्ये तो आला. मराठवाड्यातील गावाहून थोरल्या बंधूंचा दूरध्वनी आला, "शेजारच्या गोठ्यात लंपी शिरली आहे. लस टोचून घ्यावी का रे? लोक म्हणतात, दूध आटते."

हा प्रश्न आम्ही पूर्वीही ऐकला होता. १९८०च्या दशकाच्या अखेरीस आदिलाबाद जिल्ह्यात आमच्या नोकरीचा आरंभ झाला, तेव्हा बुळकांडीविरुद्ध लसीकरण चालू होते. बर्फाच्या पेटीतील लस एकदा द्रावणात मिसळली की काही तासांतच संपवावी लागे. एका तांड्यावर याच भीतीपोटी पंधरा-वीस जनावरे रानातच ठेवली गेली. दिवस कलला होता. आम्ही कागदावर 'काम पूर्ण' असे लिहू लागलो, तोच सोबतचे पशुवैद्य म्हणाले, "साहेब, रोग उरलेल्या जनावरांतच टिकतो. उद्या उजाडण्यापूर्वी येऊ." ते गेले; आम्हीही गेलो, पण लाजेने.

बुळकांडीच्या विषाणूचा प्रकार एकच, आणि लसीची एक मात्रा वर्षानुवर्षे पुरणारी. त्यामुळे चिकाटीला फळ आले. भारतातील अखेरची लागण १९९५ची; २००६मध्ये देश संसर्गमुक्त ठरला आणि २०११मध्ये सारे जग. देवीनंतर माणसाने समूळ नाहीसा केलेला हा दुसरा रोग. लाळ-खुरकुताचे तसे नाही. त्याच्या विषाणूचे प्रकार अनेक, संरक्षण जेमतेम सहा महिन्यांचे. म्हणून लस पुनःपुन्हा टोचावी लागते. लंपीसाठी २०२२मध्ये शेळ्यांच्या देवीची लस वापरली गेली, कारण दोन्ही विषाणू एकाच कुळातले.

हे सारे आम्ही बंधूंना सांगितले. "दादा, दूध कमी झालेच तर थोडे दिवस होईल. टोचून घ्या, एकही जनावर सोडू नका." त्यांनी तत्काळ ऐकले, परंतु लस अंगी लागण्यास दोन-तीन आठवडे जातात. तेवढ्यात एक गाय गेली. इतर चार वाचल्या.

"आधी कळले असते तर," एवढेच दादा म्हणाले. जळगाव जिल्ह्यातील लंपीची बातमी आम्ही ऑगस्टमध्येच वाचली होती आणि वर्तमानपत्र घडी करून ठेवले होते. तांड्यावरील त्या संध्याकाळी आम्हाला थांबवणारा कोणी सोबत होता. या वेळी नव्हता. आता असे काही वाचले की आम्ही प्रथम गावी दूरध्वनी करतो.