रुग्ण म्हणून लूर्दला

लूर्दला जाणाऱ्या यात्रेकरूंच्या गटात धर्मगुरूची जागा ठरलेली असते. बसमध्ये पुढचे आसन, हातात ध्वनिक्षेपक, ओठांवर रोजरी आणि डोळे सतत माणसे मोजण्यात गुंतलेले. २०१२ आणि २०१७ साली मी अशा दोन यात्रा नेल्या. तिसरी ऑक्टोबर २०२३ मध्ये निघायची होती. ३४ यात्रेकरूंची नावे नक्की झाली, पासपोर्ट जमा झाले, आणि जुलै महिन्यात एके दिवशी सकाळची मिस्सा आटोपून धर्मगुरुनिवासाचा जिना चढत असताना माझ्या जबड्यात व डाव्या खांद्यात कळ आली. अंगाला दरदरून घाम सुटला. दुपारी अँजिओग्राफी झाली आणि संध्याकाळपर्यंत हृदयाच्या एका रक्तवाहिनीत स्टेंट बसला होता. मला मधुमेह नाही, रक्तदाब नाही, तंबाखूचे व्यसन तर नाहीच. डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "वडिलांना हा त्रास होता का?" होता.

इस्पितळात माझ्या साहाय्यक धर्मगुरूंनी मला रुग्णाभ्यंगाचा संस्कार दिला. आपल्या लोकांत या संस्काराची धास्ती अजून गेलेली नाही. फादर तेलाची डबी घेऊन आले म्हणजे आता सारे संपले, ही समजूत घट्ट आहे. वास्तविक दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६३ सालीच 'अंतिम अभ्यंग' या नावापेक्षा 'रुग्णांचे अभ्यंग' हे नाव अधिक उचित ठरविले, आणि १९७२ साली पोप सहावे पॉल यांनी त्याचा नवा विधी दिला. संत याकोबाच्या पत्रातही मंडळीच्या वडिलांना बोलावून आणण्याची सूचना आहे ती आजाऱ्यासाठी, मरणासन्नासाठी नव्हे. हे सारे मी सेमिनरीत शिकलो, प्रवचनांतून शेकडो वेळा सांगितले. तरीही कपाळाला तेलाचा स्पर्श झाला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. अतिदक्षता विभागातील खाटेवरून ईशज्ञान जरा वेगळे दिसते.

घरी परतल्यावर यात्रेचा प्रश्न उभा राहिला. मला स्वतःला मरणाचे भय वाटत होते असे नाही. भय होते ते ३४ माणसांचे. कोणी शेतीची नुकसानभरपाई मोडून, कोणी निवृत्तीच्या पैशांतून, कोणी दुबईच्या मुलाकडून पैसे मागवून नाव नोंदविले होते. परमुलखात मी कोसळलो तर त्यांची यात्रा माझ्या खाटेभोवती संपणार. थोरली बहीण म्हणाली, "देव काय वसईत नाही?" तिच्या या प्रश्नाला उत्तर नव्हते. ऑगस्टअखेर इको झाला, ट्रेडमिलवरची चाचणी झाली. डॉक्टरांनी परवानगी दिली, पण अटींसह : रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन्ही गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत, सामान उचलायचे नाही, चढाव सावकाश. बिशपस्वामींनी एक तरुण धर्मगुरू सोबत दिले व स्पष्ट सांगितले, "गट ते नेतील. तुम्ही यात्रेकरू म्हणून जा."

युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. माझ्या अर्जावर 'पूर्वीचा आजार' या रकान्यात प्रथमच काही लिहावे लागले व हप्ता वाढला. पुढे असा प्रवास करणाऱ्यांसाठी सांगतो : तो रकाना खरा भरावा, नाहीतर ऐनवेळी विमा असून नसल्यासारखा. गोळ्या व डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवावी. मोठी बॅग कधी कोणत्या देशात पोहोचेल याचा भरवसा नसतो. फ्रान्सचे घड्याळ ऑक्टोबरात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, तेव्हा गोळीची वेळ आधीच ठरवून ठेवावी.

विमानतळावर माझ्यासाठी चाकाची खुर्ची आली. हल्ली रांग चुकविण्यासाठी धडधाकट माणसेही ती मागतात, त्यामुळे बसताना मला संकोच वाटला. आमच्या गटातील ८१ वर्षांच्या आजी, लाल लुगडे नेसून, त्या खुर्चीशेजारून ताठ चालत होत्या. "फादर, बसा निवांत," त्या म्हणाल्या, "आमच्याकडं बघाया तो नवा फादर हाय."

विमानात पायांत रक्त साकळू नये म्हणून गुडघ्यापर्यंतचे घट्ट मोजे घालावे लागतात. ते चढविताना माझी चांगलीच दमछाक झाली, आणि त्याच वेळी बर्नादेतची आठवण झाली. ११ फेब्रुवारी १८५८ या दिवसाची कथा आपण लहानपणापासून ऐकतो, पण तिच्यातील मोज्यांकडे माझे लक्ष कधी गेले नव्हते. घरातले सरपण संपले होते. चौदा वर्षांच्या बर्नादेतला बाहेर पाठवायला आई नाखूश होती, कारण मुलगी दम्याची. १८५५ च्या पटकीतून कशीबशी वाचलेली. मासाबिएलच्या गुहेजवळ बहीण व मैत्रीण थंड पाण्यातून पलीकडे गेल्या. बर्नादेत मागे राहिली. प्रकृतीमुळे तिला मोजे घालावे लागत. ते काढण्यासाठी ती वाकली तेव्हा वाऱ्याचा आवाज आला आणि तिने वर पाहिले. त्या दिवशी ती तिथे थांबली होती, कारण ती आजारी होती. पुढे १६ जुलैपर्यंत अठरा दर्शने झाली; झरा सापडला; पण स्वतः बर्नादेत मात्र बरी झाली नाही. नेव्हरच्या मठात १८७९ साली, वयाच्या ३५ व्या वर्षी, ती दुखण्यातच वारली.

तुलूझहून बसने लूर्दला पोहोचलो तेव्हा अंधार पडू लागला होता. तेथील एक गोष्ट मी आधीच्या दोन्ही यात्रांत पाहिली होती, पण दुरून : रस्त्याच्या कडेने लाल रंगाने आखलेला पट्टा. तो रुग्णांच्या निळ्या गाड्यांसाठी असतो. स्वयंसेवक त्या गाड्या ओढत नेतात आणि मिरवणुकीत, गुहेत, सर्वत्र पहिला मान त्यांचा. लूर्दच्या वैद्यकीय कार्यालयाकडे १८८३ पासून बरे झाल्याची ७,००० हून अधिक प्रकरणे नोंदविली गेली. चर्चने त्यांतील सत्तरच्या थोड्या वर चमत्कार म्हणून मान्य केली. बाकीचे लाखो लोक जसे आले तसेच घरी जातात, आणि पुन्हा येतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या गटासाठी मिस्सा झाली. कोरोनाच्या साथीनंतर कुंडात पूर्वीसारखे सर्वांना उतरता येत नाही. स्वयंसेवक ओंजळीत पाणी ओततात, आपण हात व तोंड धुवायचे आणि थोडे प्यायचे. मिस्सेत तरुण फादरांनी विचारले, अभ्यंग कोणाला हवे आहे? प्रथम कोणी हलले नाही. तेलाची ती जुनी भीती सातासमुद्रापलीकडेही सोबत आली होती. मी उठून पुढच्या बाकावर जाऊन बसलो व तळहात उघडे ठेवले. थोड्या वेळाने शेजारी लाल लुगडे सरसरले. मागून आणखी पावले ऐकू येत होती. किती जण आले ते मी वळून मोजले नाही.