किती मार्कांनी हुकलं?

कॉलेजप्रवेशाचा निकाल लागला त्या रात्री लेकीने पोर्टल बंद केलं आणि मॅगी केली. मी मात्र तिचा निबंध उघडून बसले, कुठलं वाक्य खटकलं असेल ते शोधत. तिनेच येऊन लॅपटॉप मिटला. "आई, त्यांनी दहा मिनिटं तरी दिली असतील का याला? तू रात्रभर काय वाचतेस!"

आमच्या वेळी बारावीनंतर गुणवत्ता यादी बोर्डावर लागायची. शेवटच्याला किती टक्के, आपण कुठे, सगळं उघडं. वाईट वाटायचं, पण कोडं पडायचं नाही. इथे अमेरिकेत यादीच नाही. हार्वर्डच्या प्रवेशपद्धतीवरच्या २०१८च्या खटल्यात तिथली आकडेवारी बाहेर आली. जागा दोन हजारांच्या आत, आणि एका वर्षी नुसत्या देशातल्या अर्जदारांतच शाळेत पैकीच्या पैकी ग्रेड मिळवणारे ८,०००हून जास्त! पुढे निबंध, शिफारसपत्रं, खेळ, माजी विद्यार्थ्यांची मुलं. शिवाय यंदा वाद्यवृंदाला ओबोवाला हवाय का, हेसुद्धा. याला न्याय मी म्हणणार नाही. अन्याय म्हणावं, तर नेमका कुणी केला?

आज पुण्याहून आईचा फोन. "किती मार्कांनी हुकलं गं?" जागाच कमी होत्या, म्हटलं. "मग डोनेशन देऊन नाही का होत?" देणगीदारांच्या मुलांचं प्रकरणही त्याच खटल्यात निघालं होतं, पण तेवढ्या पैशात आपली अख्खी सोसायटी विकत घेता येईल, हे तिला सांगितल्यावर ती गप्प झाली.

राज्य विद्यापीठाचं डिपॉझिट १ मेच्या आत भरायचंय. वसतिगृहाचा अर्ज वेगळा.